गाणाऱ्या घड्याळाला चावी देण्याआधी

हैदराबादचं सालारजंग म्युझियम सोलापूरकरांना नवं नाही. दर तासाला तिथल्या संगीत घड्याळासमोर गर्दी जमते, छोटा पुतळा खोलीतून बाहेर येतो, वाजले असतील तितके टोले देतो आणि परत आत जातो. कुक अँड केल्व्ही या कोलकात्याच्या कंपनीचं ते घड्याळ एकोणिसाव्या शतकातलं. बहुतेकांची 'वाजणाऱ्या इंग्लिश घड्याळा'शी ओळख तिथं होते आणि तिथंच थांबते. पण या जातीच्या घड्याळांची खरी कमाल त्याच्या आधीच्या शतकात झाली, आणि गिऱ्हाईक होतं चीन. त्या घड्याळांच्या पोटात काय असतं, ती बिघडतात कशानं आणि हात लावायचाच तर सुरुवात कुठून करायची, यावर ही पोस्ट आहे. दोन-अडीचशे वर्षांत त्यांचं जितकं नुकसान गंज आणि धुळीनं केलं नसेल, तितकं 'जरा चावी देऊन बघू' या उत्साहानं केलंय. त्यामुळं सूर थोडा धाकाचा लागला तर चालवून घ्या.

आधी ही घड्याळं चीनला गेलीच का, ते थोडक्यात. अठराव्या शतकात लंडनला दक्षिण चीनमधल्या कँटन बंदरातला चहा, रेशीम, चिनी मातीची भांडी सगळं हवं होतं. बदल्यात द्यायला होतं लोकरीचं कापड, आणि तेही कँटनच्या उकाड्यात! म्हणून जहाजं भरून चांदी जायची. चिनी दरबाराला परदेशी घड्याळाची ओढ मात्र जुनी होती. माटेओ रिची या जेझुइट पंथाच्या ख्रिस्ती धर्मप्रचारकानं १६०१ साली वानली बादशहाला टोल्यांची घड्याळं नजर केली, तेव्हापासूनची. चिएनलुंग बादशहाच्या काळात, म्हणजे १७३५ ते १७९६, ही हौस शिगेला पोचली. १७५७ पासून पाश्चात्त्यांचा सगळा समुद्री व्यापार कँटन या एकाच बंदरात आणि परवाना असलेल्या मोजक्या चिनी व्यापाऱ्यांच्या हातात आला. त्या व्यापाऱ्यांनी जकातीच्या बड्या अधिकाऱ्याला खूश ठेवायचं, अधिकाऱ्यानं पेकिंगला, म्हणजे राजधानीतल्या दरबाराला (आजचं बीजिंग), खूश ठेवायचं, आणि या खुशामतीचं चलन होतं घड्याळ. कँटनमधले इंग्रज त्यांना 'सिंग-साँग' म्हणत. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरचे कप्तान आणि अधिकारी यांना खासगी माल न्यायची थोडी जागा मिळायची. कमी जागेत जास्त किमतीचा माल म्हणून त्यात घड्याळं भरली जात.

या धंद्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव जेम्स कॉक्स. हा मूळचा जवाहिऱ्या. घड्याळजी म्हणण्यापेक्षा कारागिरांची फौज कामाला लावणारा ठेकेदार म्हणणं जास्त बरोबर. चिनी नोकर ढकलतोय अशा रथाच्या रूपातलं त्याचं १७६६ चं घड्याळ आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. कँटनमध्ये मालाचा साठा तुंबला, उधारी अडकली, तेव्हा त्यानं १७७२ मध्ये लंडनच्या स्प्रिंग गार्डन्समध्ये स्वतःचं म्युझियम उघडलं. तिकीट अर्धी गिनी, म्हणजे साध्या माणसाच्या आवाक्याबाहेर. तेही पुरलं नाही. पार्लमेंटची परवानगी काढून १७७५ मध्ये लॉटरी लावून माल काढला आणि १७७८ मध्ये दिवाळं निघालं. तिथला चांदीचा हंस आता इंग्लंडमध्ये बोज म्युझियममध्ये आहे. त्याचं यंत्र जॉन जोसेफ मर्लिनचं. मोर असलेलं प्रचंड घड्याळ रशियाला गेलं, ते तिथल्या हर्मिटाज म्युझियममध्ये. कॉक्सचा मुलगा जॉन हेन्री १७८१ मध्ये कँटनला जाऊन बसला. भागीदार बदलत बदलत त्याच पेढीच्या वंशात १८३२ मध्ये जार्डिन मॅथेसन ही व्यापारी कंपनी उभी राहिली, आणि ती पोसली गेली मुंबई बंदरातून जाणाऱ्या माळव्याच्या अफूवर. घड्याळांनी व्यापाराचा जो तोल साधला नाही तो अफूनं साधला, असा हा हिशेब आहे.

१७९३ मध्ये ब्रिटिश राजदूत मॅकार्टनीचं शिष्टमंडळ भारी यंत्रं घेऊन पेकिंगला गेलं, तर तिथल्या महालांत असला माल आधीच खच्चून भरलेला. युआनमिंगयुआन या बादशाही महालाच्या दरबारी दालनात लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवरच्या क्लार्कचं जुनं घड्याळ इंग्लिश गाणी वाजवत उभं होतं. तुमच्या मालाची आम्हाला काडीची गरज नाही, असं बादशहानं इंग्लंडच्या राजाला, तिसऱ्या जॉर्जला, कळवलं, त्यामागे ही पार्श्वभूमी होती. टिमथी विल्यमसन या इंग्रज घड्याळजीचं घड्याळ आजही पेकिंगच्या राजवाडा-संग्रहालयात आहे. त्यातला युरोपियन पोशाखातला पुतळा खरा कुंचला धरून कागदावर आठ चिनी अक्षरं लिहितो. अर्थ साधारण असा की आठही दिशा वळणावर येतात, नऊही मुलुख राजाच्या दर्शनाला येतात. इंग्रजानं बनवलेलं यंत्र, लिहितंय काय बघा!

आता यंत्र.

साध्या टेबलावरच्या इंग्लिश घड्याळात चक्रांच्या दोन रांगा असतात, एक वेळेची आणि एक टोल्यांची. गाणाऱ्यात तिसरी येते. दर्शनी खेळ असेल, म्हणजे फिरणारी जहाजं, पुलावरून चालणारी मिरवणूक, काचेचा धबधबा, तर चौथीसुद्धा असू शकते, नाहीतर तो खेळ गाण्याच्या रांगेवरच ओझं टाकतो. प्रत्येक रांगेला स्वतःचा स्प्रिंगचा डबा आणि स्वतःची फ्यूझी, म्हणजे खोबणी पाडलेला शंकू. डबा आणि शंकू यांच्यात तात, म्हणजे आतड्याची दोरी, किंवा बारीक साखळी. स्प्रिंग पूर्ण भरलेली असते तेव्हा ओढ शंकूच्या निमुळत्या भागावर पडते, सैल होत जाते तशी रुंद भागाकडे सरकते. त्यामुळं चक्रांना मिळणारा जोर आठवडाभर जवळपास सारखा राहतो. गाण्यासाठी हे फार गरजेचं आहे. वेळ दिवसाला एक मिनिट चुकली तर कोणाला कळत नाही, पण लय मंदावली की लहान पोरालाही कळतं.

गाणं असतं पितळी ड्रमवर. ड्रमच्या अंगावर शेकडो बारीक पिना ठोकलेल्या असतात. ड्रम फिरला की पीन हातोडीच्या शेपटीला उचलते, शेपूट सुटली की हातोडी काशाच्या घंटेवर पडते. घंटा वाटीच्या आकाराच्या, एका आडव्या दांडीवर मोठीकडून लहानकडे ओवलेल्या, साधारण आठ ते पंधरा. हातोड्या मात्र घंटांपेक्षा बऱ्याचदा जास्त असतात. एकच सूर पटापट दोनदा वाजवायचा तर एक हातोडी पडून पुन्हा उचलली जाईपर्यंत वेळ जातो, म्हणून त्याच घंटेला दुसरी हातोडी. दुरुस्तीत 'ही जादाची दिसते' म्हणून ती काढून ठेवलेली घड्याळं असतात. अशा घड्याळात द्रुत जागा गिळल्या जातात आणि दोष पिनांना दिला जातो.

सोलापुरात हे समजावणं सोपं आहे. चादरीच्या मागावरचं जॅकार्ड आठवा: कार्डावर भोक आहे की नाही यावर कुठला धागा उचलायचा ते ठरतं. इथं ड्रमवर पीन आहे की नाही यावर कुठली हातोडी उचलायची ते ठरतं. हे साम्य नुसतं दिसण्यापुरतं नाही. फ्रान्सच्या व्होकान्सोननं १७३८ मध्ये बासरी वाजवणारा पुतळा दाखवला, तो पिनांच्या ड्रमवर चालायचा. त्याच माणसानं १७४५ च्या सुमारास आपोआप चालणारा माग बनवला, आणि जॅकार्डनं १८०४ मध्ये त्याच वाटेनं पुढे जाऊन आपली यंत्रणा उभी केली. जॅकार्डची कार्डं बांधणाऱ्या माणसाला पिनांचा ड्रम पाच मिनिटांत वाचता येईल, याबद्दल मला शंका नाही.

किती बारीक काम आहे ते आकड्यात बघू. समजा ड्रमचा व्यास ५० मिलिमीटर आहे. परीघ झाला १५७ मिलिमीटर. एका फेरीत एक गाणं, ४० सेकंदांत. म्हणजे ड्रमचा पृष्ठभाग सेकंदाला जेमतेम ३.९ मिलिमीटर सरकतो. एखादी पीन ०.४ मिलिमीटर पुढे वाकली की तिचा सूर सेकंदाच्या दहाव्या भागानं हुकला. डोळ्याला ती पीन सरळच दिसते, कानाला अडखळते.

आता आडव्याचा हिशेब. आठ गाणी असतील तर ड्रम आसावर आडवा सरकतो आणि प्रत्येक गाण्याला पिनांची वेगळी ओळ शेपटीखाली येते. दोन हातोड्यांमधलं अंतर ६ मिलिमीटर धरलं तर एका गाण्याच्या वाट्याला ०.७५ मिलिमीटर. ड्रमला आसाच्या दिशेनं ०.२ मिलिमीटरपेक्षा जास्त ढिलाई आली की शेजारच्या गाण्याच्या पिना मधेच लागायला लागतात. 'घड्याळ बेसूर झालंय' या तक्रारीत घंटा क्वचितच दोषी असते. घंटेचा सूर असा उतरत नाही. दोष असतो ढिलाईत, किंवा ड्रमला आडवं सरकवणाऱ्या ज्या पायऱ्यापायऱ्यांच्या चकतीवर, म्हणजे कॅमवर, ड्रम टेकतो त्या कॅमच्या झिजलेल्या कडेत.

यातूनच या घड्याळांचा सगळ्यात कडक नियम निघतो: गाणं चालू असताना गाणं बदलायचं नाही. तबकडीच्या वरच्या कमानीतला काटा फिरवला की ड्रम आडवा सरकतो. त्या क्षणी शेपटी पिनांच्या मध्ये असेल तर पिना आडव्या कापल्या जातात किंवा शेपटी वाकतात. गाणं पूर्ण थांबू द्या, पंखा स्थिर झालेला बघा, मग काटा फिरवा.

पंखा म्हणजे गाण्याच्या रांगेतला शेवटचा आस. त्याच्यावर पितळी पत्र्याची पाती, हवेच्या विरोधानं वेग आवरणारी. हा पंखा निघाला, त्याचा आस सुटला किंवा पाती आसावर सैल झाली, आणि स्प्रिंगमध्ये जोर असला, तर पुढच्या काही सेकंदांत ड्रम सुसाट फिरतो, हातोड्या थडाथड आदळतात आणि पिनांच्या ओळीच्या ओळी जातात. त्यानंतरचं काम महिन्यांचं असतं.

म्हणून पहिलं काम, चावी न देता, प्रत्येक स्प्रिंगमध्ये जोर आहे का ते बघणं. मागचं दार उघडून टॉर्च मारा. तात किंवा साखळी शंकूवर गुंडाळलेली दिसली तर ती रांग भरलेली आहे. सगळी डब्यावर असेल तर उतरलेली, तरीही डब्यात सुरुवातीचा ताण असतोच. रांग भरलेली असून घड्याळ थांबलेलं असेल तर तो भरलेला सापळा आहे असं समजा. जोर उतरवायचा तो डब्याच्या आसाच्या चौकोनी टोकावरून. त्या टोकाला नीट बसणारी, गोल गुळगुळीत मुठीची चावी लावायची, पक्की धरायची, दात्यात अडकलेली क्लिक, म्हणजे चाक उलटं फिरू न देणारी खिटी, किंचित उचलायची आणि मूठ तळव्यात घासत सावकाश सुटू द्यायची. चावीला पंखांसारखे कान असतील तर वापरू नका, सुटली तर बोटं मोडते. शेवटी उरलेला ताण किती फेऱ्यांचा होता ते मोजून लिहून ठेवा. जोडताना तेवढाच द्यायचा असतो. बहुधा अर्धी ते एक फेरी भरते. तीन रांगा असतील तर तीनदा हेच. चौथी आहे का ते खात्री करून घ्या, कारण खेळाची स्प्रिंग बऱ्याचदा खाली बैठकीत दडवलेली असते.

उघडताना हातोड्या मिसळू देऊ नका. प्रत्येक हातोडी तिच्या घंटेसाठी वाकवून बसवलेली असते, वजनंही वेगळी. दोऱ्यानं क्रमांकाच्या चिठ्ठ्या बांधा. घंटांवर आतल्या बाजूला जुन्या कारागिराच्या ओरखड्यांच्या खुणा बऱ्याचदा सापडतात, त्यांचे फोटो घ्या. दोन घंटांमध्ये चामड्याच्या चकत्या असतात. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये त्या वाळून कडक होतात आणि घंटा दांडीवर खुळखुळायला लागते. चकती बदलायची तर चामड्याचीच, तेवढ्याच जाडीची; रबराची घातली की आवाज मेला. घंटा दोऱ्यावर टांगून लाकडाच्या काडीनं वाजवा. काशात साधारण चार भाग तांबं आणि एक भाग कथील असतं, म्हणून ते घुमतं आणि म्हणूनच ठिसूळही असतं. आवाज 'टण्' ऐवजी 'टक्' आला की चीर आहे. चीर सोल्डरनं भरून आवाज परत येत नाही, त्या घंटेच्या जागी नवी ओतावी लागते.

हातोडीची बसलेली जागा हा आणखी एक नाजूक मामला. विश्रांतीला हातोडी घंटेपासून सुमारे अर्धा ते एक मिलिमीटर दूर असली पाहिजे. पडताना तिची दांडी लवते, घंटेला शिवते आणि लगेच मागे येते. चिकटून राहिली तर झणझणाट होतो, फार दूर राहिली तर सूर पोकळ येतो. वाकवायची ती दांडी, आणि तीही हातोडीच्या मुळाशी नाही, मधल्या लवचिक भागात.

पिनांबद्दल एवढंच: वाकलेली पीन एकदा सरळ करता येते. दुसऱ्यांदा ती बहुधा मोडते, कारण वाकवून वाकवून धातू कडक आणि ठिसूळ होतो. मोडली तर खुंट काढून त्याच भोकात त्याच जाडीची नवी, आणि उंची शेजारच्या पिनांशी ०.१ मिलिमीटरच्या आत जुळलेली. उंच पीन हातोडीला जास्त वेळ धरून ठेवते, ठेंगणी लवकर सोडते. जागा बरोबर असूनही लय जाते. ड्रम सोल्डर करायच्या ज्वाळेजवळ नेऊ नका.

रोग ओळखायच्या काही खुणा, ज्या टोल्यांच्या साध्या घड्याळांनाही लागू पडतात. घड्याळ रोज तास भरायला पाच-दहा मिनिटं असताना थांबत असेल तर लंबकाला दोष देऊ नका. त्या वेळी वेळेच्या रांगेला गाण्याचा अडसर उचलायचा असतो, आणि तो वाकलाय, चिकट झालाय किंवा त्याची स्प्रिंग फार कडक आहे. गाणं दमदार सुरू होऊन प्रत्येक वेळी एकाच जागी मंदावत असेल तर त्या जागी एखादी शेपटी अडते किंवा बऱ्याच हातोड्या एकदम उचलल्या जातात. ड्रम हातानं फिरवून ती जागा शोधा. आठवड्याच्या शेवटी शेवटी सगळंच मंद होत असेल तर डब्यातला सुरुवातीचा ताण कमी पडतोय, किंवा स्प्रिंगवरचं जुनं ग्रीस डिंकासारखं झालंय. आणि लय कधी अशी कधी तशी होत असेल तर पंख्याच्या आसाची भोकं लांबोडी झालीत. त्यांना बूश, म्हणजे पितळी नळीचा तुकडा, घालावी लागते. टोच्यानं भोकाभोवती ठोकून ते बंद करणं ही जुनी वाईट सवय. त्या खुणा प्लेटवर कायमच्या राहतात आणि भोक महिनाभरात पुन्हा तसंच होतं.

तेलावर सोलापुरात वेगळं बोलायला हवं. इथं उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो, हवेत धूळ आहे, आणि मागांच्या आसपासच्या पेठांत कापसाचा तंतू उडतो. शिलाई मशीनचं तेल पातळ होऊन प्लेटवर पसरतं, त्यात तंतू बसतो, आणि तयार होते घासणारी लुगदी. स्प्रेचं गंज-सोडवणं तेल तर त्याहून वाईट, महिन्यात सुकून चिकट होतं. खोबरेल हिवाळ्यात गोठतं. घड्याळासाठीचं सिंथेटिक तेल, आसाच्या टोकाच्या वाटीत अर्धी वाटी भरेल इतकंच. स्प्रिंगला तिचं ग्रीस. ड्रमच्या पिना, हातोड्यांच्या शेपटी आणि पंख्याची पाती कोरडी ठेवायची.

कूलरचा झोत घड्याळावर येऊ देऊ नका. आपल्या उन्हाळ्यात भर दुपारी हवा कोरडी ठणठणीत असते आणि कूलर लावला की तासाभरात ओली. शिसवी किंवा कासवाच्या पाठीचं आवरण, त्यातलं पितळी जडाव हे दिवसातून दोनदा फुगून-आकसून सुटायला लागतं. बोअरच्या खारट पाण्याचा तुषार आला तर पोलादी भाग आठवड्यात तांबूस होतात. देवघराशेजारी ठेवू नका, उदबत्तीचा धूर मुलाम्यावर बसतो.

मुलाम्याबद्दल मी हट्टी आहे: काहीही करू नका. या पेट्यांवरचा सोन्याचा मुलामा पाऱ्यानं चढवलेला असतो. साधारण एक भाग सोनं आठ भाग पाऱ्यात मिसळून तो लेप पितळेवर द्यायचा आणि आचेवर पारा उडवायचा. उडणाऱ्या वाफेनं कारागीर मरत. कोरीव भागात मॅट, उंच भागात घासून चकचकीत, असा दुरंगी पोत त्यातून येतो. वीज लावून चढवलेल्या गिलिटाला तो येत नाही, एकसारखं पिवळं पिवळं दिसतं. चिंच, लिंबू, पितळ घासायची पावडर यांनी पाच मिनिटांत तो पोत जातो. अमोनिया असलेली घड्याळ धुवायची द्रावणं ताणाखालच्या जुन्या पितळी पत्र्याला चिरा पाडतात. याचा शोध लागला तो आपल्याकडच्याच प्रकरणातून: पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली ब्रिटिश लष्कराची पितळी काडतुसं आपोआप चिरायची, आणि कारण निघालं घोड्यांच्या मुतातला अमोनिया. १९२१ मध्ये ते शास्त्रीय रीतीनं उलगडलं. स्वच्छ करायचंच तर डिस्टिल्ड पाणी, साध्या साबणाचा थेंब, कापसाचा बोळा, लगेच कोरडं.

पेटीवरचे लाल-हिरवे-पांढरे 'हिरे' काचेचे असतात, मागे चमकदार पन्नी लावून बंद कोंदणात बसवलेले. पाणी आत गेलं की पन्नी काळी पडते आणि खडा आंधळा होतो. म्हणून खड्यांचा भाग बुडवायचा नाही, अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये तर नाहीच. धबधबा म्हणजे पिळदार काचेच्या कांड्या, दोन्ही टोकांना पितळी टोपी, आणि टोपी बऱ्याचदा लाखेनं चिकटवलेली. खोलीच्या तापमानाला लाख टिकते, पण काचेच्या कपाटावर दुपारचं ऊन किंवा हॅलोजन दिवा आला की मऊ पडते, कांडी तिरपी होते आणि शेजारच्या कांडीवर घासते. तुटलेल्या कांडीऐवजी अॅक्रिलिक लावलं तर फिरतं सगळं, पण पाणी वाहताना दिसत नाही.

अस्सल की नक्कल, हा प्रश्न येतोच. तबकडीवरचं लंडनचं नाव पुरावा नव्हे. कँटनच्या कारागिरांनी इंग्लिश धर्तीची उत्तम घड्याळं स्वतः बनवली, त्यांच्यावर बऱ्याचदा इंग्रजी दिसणारी पण कुठलाच शब्द न होणारी अक्षरं असतात. ती नक्कल म्हणून हिणवू नका, ती आज स्वतंत्र वर्गात मोडतात. तुर्की आकडे आणि चंद्रकोरीचे कळस असतील तर ते तुर्कस्तानच्या बाजारासाठीचं. मार्कविक मार्खम, जॉर्ज प्रायर ही त्यातली नावं. चीनसाठीच्या मालात मधोमध फिरणारा सेकंदकाटा आणि जोडीची रचना जास्त दिसते. जोडीतली दोन घड्याळं एकमेकांचं आरशातलं रूप असतात, पुतळेही उलट्या दिशांना फिरतात. प्लेटवर वापरात नसलेली बुजवलेली भोकं दिसली तर यंत्र दुसऱ्या पेटीतून आलेलं असू शकतं. हातानं कापलेल्या जुन्या स्क्रूचे आटे एकमेकांशी जुळत नाहीत. सगळे स्क्रू कुठेही बसत असतील तर सावध व्हा.

सोलापुरात अशी घड्याळं घरोघर सापडणार नाहीत हे उघड आहे. सापडतात ती जर्मन, अमेरिकन टोल्यांची. पण जोर उतरवणं, हातोडीची जागा, तेल आणि कूलर यांचे नियम त्यांनाही तेच.

कायद्याचं एका ओळीत: शंभर वर्षांपेक्षा जुनी अशी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते आणि तशी असेल तर खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही, कासवाची पाठ किंवा हस्तिदंत असेल तर वन्यजीव कायदाही लागतो, तेव्हा विकण्या-घेण्याआधी विचारून घ्या.

घड्याळजीकडे देताना लेखी द्या: मुलाम्याला हात नाही, पॉलिश नाही, बुडवून धुणं नाही, जोर उतरवल्याशिवाय एकही स्क्रू नाही. काय काय बदललं त्याची यादी मागा. आणि निघालेले जुने भाग, मोडकी पीन, झिजलेली चकती, जुनी तातसुद्धा, टाकून न देता तारीख घातलेल्या पाकिटात परत घ्या आणि पाकीट पेटीच्या तळाशी ठेवा. पुढच्या माणसाला पिनेची जाडी त्यावरूनच मोजता येते.